टर्बोच्या हवेचं तापमान कुठे मोजायचं?

टर्बोनं हवेचा दाब दुप्पट केला की इंजिनात दुप्पट हवा जाते, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. हवा दाबली की तापते आणि तापली की विरळ होते, त्यामुळे दाबानं जे कमावलं त्यातलं बरंचसं तापमान खाऊन टाकतं. सायकलच्या पंपाचं तोंड बोटानं बंद करून चार-दोन दट्टे मारले की पंपाचं बूड हाताला गरम लागतं. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणाऱ्या टर्बोच्या पंख्यात तेच घडतं, फक्त फार मोठ्या प्रमाणावर.

हिशेब मांडून बघू. एप्रिलमधली दुपार आहे, बाहेर ३५ अंश सेल्सिअस. टर्बो दाब दुप्पट करतोय. त्याच्या कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरू, रस्त्यावरच्या गाडीसाठी हा आकडा वाजवी आहे. या परिस्थितीत टर्बोतून बाहेर पडणारी हवा १३१ अंशांच्या आसपास असते, म्हणजे उकळत्या पाण्यापेक्षाही गरम. वायूंच्या हिशेबात तापमान केल्विनमध्ये धरावं लागतं, म्हणजे सेल्सिअसच्या आकड्यात २७३ मिळवायचे. तापमान ३०८ वरून ४०४ झालं. दाब दुप्पट, पण घनता दीडपटीच्या जरा पुढे, १.५२ पट. आता हीच हवा इंटरकूलरमधून, म्हणजे तिला गार करणाऱ्या रेडिएटरसारख्या जाळीतून, जाऊन ५५ अंशांवर उतरली, तर घनता १.८८ पट होते. इंटरकूलरमध्ये थोडा दाबही पडतो, तो इथे सोडून दिला आहे. इंटरकूलरवर गाडीवाले एवढा खर्च का करतात ते या दोन आकड्यांतल्या फरकात दिसतं.

या गणितातून आणखी एक गोष्ट निघते आणि हे प्रकरण तिच्यासाठीच आहे. एकाच इंजिनाच्या हवेच्या वाटेवर, एकाच क्षणी, हात-दोन हातांच्या अंतरांवर ३५, १३१ आणि ५५ अशी तीन तापमानं नांदत असतात. सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या मॅनिफोल्डच्या तापलेल्या भिंतींना घासून हवा सिलिंडरपर्यंत पोचते तेव्हा चौथं. गाडीच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, ‘आत येणाऱ्या हवेचं तापमान’ कळवणारा सेन्सर यांतल्या कुठल्या ठिकाणी बसवायचा? गॅरेजमधले लोक त्याला आयएटी सेन्सर म्हणतात. किंमत थोडी, आकार अंगठ्याएवढा. पण तो चुकीच्या जागी बसला तर हजारो रुपयांचं ट्यूनिंग पाण्यात जातं आणि कधीकधी पिस्टनही.

ईसीयूला हे तापमान लागतं ते मुख्यतः दोन कामांसाठी. पहिलं काम पेट्रोल मोजण्याचं. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. हे प्रमाण वजनाचं आहे, आकारमानाचं नाही, आणि हवेचं वजन कळायला तिचं तापमान कळावं लागतं. तीनशे केल्विनच्या आसपास तीन अंशांची चूक म्हणजे हवेच्या वजनात एक टक्क्याची चूक, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं. दुसरं काम ठिणगीची वेळ ठरवण्याचं. हवा जितकी गरम, तितकी मिश्रण आपोआप, अवेळी पेटण्याची भीती जास्त. त्यालाच नॉकिंग म्हणतात. ते टाळायला ईसीयू गरम हवेत ठिणगी थोडी उशिरा टाकतो. थोडी ताकद जाते, पण इंजिन वाचतं. टर्बो गाडीत ही दोन्ही कामं जास्त नाजूक होतात, कारण तिथे दाब मोठा आणि तापमान मिनिटामिनिटाला बदलणारं.

आता जागेचा प्रश्न. यावर वाद घालणारे बहुतेक जण ‘अमुक कंपनीनं तिथे लावलाय’ एवढ्यावर थांबतात. कंपनीनं तो तिथे का लावला हे बघितलं की वाद बराच मिटतो, आणि त्यासाठी जरा मागे जावं लागतं.

१९६७ साली बॉशची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंधन-प्रणाली फोक्सवॅगन १६०० मध्ये आली. ती मॅनिफोल्डमधला दाब मोजायची. इंजिनाचा आकार ठाऊक, दाब ठाऊक, फेरे ठाऊक, तापमान कळलं की हवेचं वजन काढता येतं. या पद्धतीला स्पीड-डेन्सिटी म्हणतात. इथे हवेचं आकारमान मोजण्याचं माप म्हणजे खुद्द सिलिंडर. म्हणून तापमानही सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या हवेचंच हवं. पुढच्या दशकात बॉशनंच एल-जेट्रॉनिक आणली. तिच्यात एअर फिल्टरनंतर एक झडप असायची, हवा तिला ढकलायची आणि झडप किती उघडली यावरून हवेचं आकारमान कळायचं. त्यात तापमानाचा सेन्सर त्या झडपेच्या डब्यातच होता, सिलिंडरपासून दूर, कारण आकारमान तिथे मोजलं जात होतं. मित्सुबिशीच्या टर्बो गाड्यांमध्ये, उदाहरणार्थ लान्सर इव्होल्यूशनच्या नवव्या आवृत्तीपर्यंत, फिल्टरच्या डब्यावर एक वेगळाच मोजमापक असे. प्रवाहात आडव्या ठेवलेल्या अडथळ्यामागे जे भोवरे सुटतात ते तो मोजायचा. तोही आकारमानच सांगतो, म्हणून त्याच्याच अंगात तापमानाचा आणि हवेच्या दाबाचा सेन्सर बसवलेला.

म्हणजे नियम सरळ आहे: आकारमान जिथे मोजलं जातं, इंधनासाठीचं तापमान तिथेच मोजायचं. इव्होल्यूशनचा सेन्सर टर्बोच्या आधी आहे म्हणून आपणही आपल्या स्पीड-डेन्सिटीच्या गाडीत तो टर्बोच्या आधी लावावा, हा युक्तिवाद इथेच कोसळतो. दोन्ही गाड्यांमध्ये आकारमान मोजण्याची जागाच वेगळी आहे.

तापलेल्या तारेचा मास एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाड्यांची गोष्ट आणखी निराळी. तो तारेला थंड करणाऱ्या हवेवरून थेट वजनच सांगतो. इंधनासाठी तापमानाची गरजच फारशी उरत नाही. तरीही त्याच्या शेजारी एक आयएटी सेन्सर बहुधा असतोच, बाहेरची हवा किती गरम आहे याचा अंदाज यावा म्हणून. अडचण ठिणगीच्या बाबतीत येते. अमेरिकेत २००२ चं मॉडेल म्हणून आलेली सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स याचं चांगलं उदाहरण आहे. तिचा हवामापक आणि त्यातलाच आयएटी सेन्सर टर्बोच्या आधी, फिल्टरपाशी. इंटरकूलर मात्र इंजिनाच्या डोक्यावर, बॉनेटला कापलेल्या फटीखाली. गाडी धावत असेल तेव्हा त्या फटीतून वारा येतो आणि इंटरकूलर आपलं काम नीट करतो. सिग्नलला पाच मिनिटं अडकली की इंजिनाची सगळी उष्णता वर चढून इंटरकूलर भाजून निघतो. हिरवा दिवा लागल्यावर जोरात पाय दिला तर सेन्सर सांगतो चाळीस, पण इंटरकूलरमधून आत जाणारी हवा त्याहून किती तरी गरम असते. वजन बरोबर मोजलेलं असतं, पेट्रोल बरोबर पडतं, पण ठिणगी थंड हवेच्या हिशेबानं पडते. कंपनीला हे ठाऊक असतं. ती ठिणगीचे आकडे हात राखून ठेवते आणि उरलेलं काम नॉक सेन्सरवर सोपवते. बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, वाढवून, ठिणगी पुढे ओढून गाडी ट्यून करणारा माणूस हीच शिल्लक खर्च करत असतो. म्हणून अशा गाडीत इंटरकूलरच्या पुढे दुसरा तापमान सेन्सर घालणं मला चैन वाटत नाही. बूस्ट वाढवायचा तर तो खर्च आधी करावा.

आता समजा, गाडी स्पीड-डेन्सिटीवर चालते. मेगास्क्वर्टसारखा हौशी लोकांत रुजलेला ईसीयू असो वा महागडा रेसिंगचा, स्वतः गाडी उभी करणारे बहुतेक जण हीच पद्धत घेतात. त्यांच्यापुढे चार जागा असतात.

टर्बोच्या आधी सेन्सर लावला तर तो बाहेरच्या हवेचं तापमान सांगेल, ४० म्हणू. आत जाणारी हवा ७० ची. ईसीयूला वाटेल हवा दाट आहे. तो गरजेपेक्षा साधारण दहा टक्के जास्त पेट्रोल ओतेल आणि ठिणगी मात्र मागे घेणार नाही. टर्बो आणि इंटरकूलर यांच्या मधे लावला तर उलटं आणि अधिक घातक. सेन्सर म्हणेल १३१, सिलिंडरला मिळते ५५ ची. पेट्रोल जवळजवळ १९ टक्के कमी पडेल. पूर्ण बूस्टवर पेट्रोल कमी पडणं म्हणजे ज्वलन तापणं, नॉकिंग आणि शेवटी वितळलेला पिस्टन. त्या जागेचा सेन्सर टर्बोची तब्येत बघायला उपयोगी आहे, पेट्रोल मोजायला नाही.

यावर एक हरकत निघते आणि ती रास्त आहे. ट्यून करताना डायनोवर, म्हणजे गाडी जागच्या जागी चालवून बघायच्या यंत्रावर, मिश्रण प्रत्यक्ष मोजूनच आकडे भरतात ना? मग सेन्सर दहा अंश चुकला तरी ती चूक त्या आकड्यांत मुरून जाईल. खरंय, चूक कायम तेवढीच राहत असेल तर मुरते. टर्बोआधीच्या सेन्सरची चूक तशी नसते. डायनोवर समोर मोठा पंखा लावलेला, इंटरकूलर गार, तेव्हा चूक १५ अंशांची. घाटात ट्रकमागे रखडताना तीच ३० ची. ईसीयूतल्या तक्त्याला या दोन परिस्थितींतला फरक कळायचा कुठलाच मार्ग नसतो. माझ्या मते जागा ठरवताना हाच निकष धरावा: सेन्सर किती अचूक आहे यापेक्षा त्याची चूक परिस्थितीप्रमाणे किती हलते.

राहिल्या दोन जागा: मॅनिफोल्ड, आणि इंटरकूलर ते थ्रॉटल यांमधला पाईप. पुस्तकी दृष्टीनं मॅनिफोल्ड उत्तम, कारण सिलिंडरच्या सर्वांत जवळ. पण मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचं असेल आणि सिलिंडर हेडला बोल्टनं आवळलेलं असेल, तर तेही इंजिनाबरोबर ऐंशी-नव्वद अंशांना जाऊन बसतं. सेन्सरचं पितळी अंग त्याच्या आट्यांत फिरवून घट्ट केलेलं असतं. धातूतून उष्णता त्याच्या टोकापर्यंत चढते. आता सेन्सर हवेचं तापमान सांगतोय की मॅनिफोल्डचं, हे सांगणं कठीण. यालाच गॅरेजच्या भाषेत हीट सोक म्हणतात.

हीट सोक केव्हा छळतो हे समजायला प्रवाह बघावा लागतो. दीड लिटरचं इंजिन आयडलवर मिनिटाला ८०० फेरे घेत असतं तेव्हा ५० मिलिमीटरच्या पाईपमधून हवा सेकंदाला दोन मीटरसुद्धा सरकत नाही. पूर्ण बूस्टवर, ५,००० फेऱ्यांना, तीच हवा सेकंदाला तीसेक मीटरनं धावते आणि दाटही असते. जोराचा प्रवाह सेन्सरच्या टोकाला आपल्या तापमानावर आणून ठेवतो, धातूतून येणाऱ्या उष्णतेचं काही चालत नाही. मंद प्रवाहात धातू जिंकतो. म्हणून पेट्रोल पंपावर पाच-दहा मिनिटं थांबून पुन्हा चालू केलेली गाडी अडखळते. इंजिन बंद असताना बॉनेटखालची उष्णता सेन्सरमध्ये मुरलेली असते. तो ८० सांगतो, ५५ ची हवा आत शिरते, पेट्रोल सात टक्के कमी पडतं आणि पहिल्या चौकापर्यंत गाडी झटके खात जाते. मालक फ्युएल पंपाला दोष देतो, स्पार्क प्लग बदलतो. दोष जागेचा असतो.

मॅनिफोल्डच्या बाजूनं एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. मंद प्रवाहात हवासुद्धा मॅनिफोल्डमध्ये रेंगाळते आणि खरोखरच तापते. आयडलवर थ्रॉटलपाशी ४५ अंश असलेली हवा झडपेपर्यंत पोचता पोचता बरीच चढलेली असू शकते. म्हणजे पाईपातला सेन्सर आयडलला थोडा कमी आकडा सांगतो आणि मॅनिफोल्डमधला थोडा जास्त, खरं तापमान मधे कुठे तरी. चांगले ईसीयू यावर उपाय करतात. मेगास्क्वर्टमध्ये हवेचं तापमान आणि कूलंटचं तापमान यांची सरमिसळ करणारा तक्ता आहे: प्रवाह मंद असताना कूलंटकडे झुकायचं, प्रवाह वाढला की सेन्सरवर विश्वास टाकायचा. मात्र हा उपाय नीट चालायला सेन्सरनं खरोखर हवाच मोजायला हवी. हवा आणि धातू यांचं मिश्रण सांगणारा सेन्सर असेल तर त्यात कूलंट मिसळून हाती काही लागत नाही.

म्हणून माझी पसंती स्पष्ट आहे. इंटरकूलरच्या पुढे, थ्रॉटलच्या आधी, पाईपाचा जो भाग इंजिनाला टेकत नाही आणि एक्झॉस्टच्या बाजूला नाही, तिथे. थ्रॉटलच्या जितका जवळ तितका बरा. पाईप रबरी किंवा सिलिकॉनच्या कपलरनं थ्रॉटलला जोडलेला असतो, त्यामुळे इंजिनाची उष्णता धातूतून पाईपापर्यंत येत नाही, हा या जागेचा मोठा फायदा. मॅनिफोल्ड प्लॅस्टिकचं असेल तर मी मॅनिफोल्डलाही हरकत घेणार नाही. पुष्कळ कंपन्या तसंच करतात, दाब आणि तापमान दोन्ही मोजणारा एकच सेन्सर प्लॅस्टिकच्या मॅनिफोल्डवर बसवतात.

काही इंजिनांत मात्र निवडीला वावच नसतो. फोक्सवॅगननं २००७ च्या सुमाराला १.४ लिटरचं टीएसआय इंजिन आणलं, त्यात पाण्यानं थंड होणारा इंटरकूलर थेट मॅनिफोल्डच्या पोटात बसवला. टर्बो ते सिलिंडर हा हवेचा मार्ग आखूड करायचा आणि पाय दिल्याबरोबर पिकअप मिळवायचा, हा हेतू. या मांडणीत इंटरकूलर आणि थ्रॉटल यांच्या मधे पाईपच नाही, कारण थ्रॉटल इंटरकूलरच्या आधी येतो. म्हणून दोन सेन्सर: एक थ्रॉटलच्या आधी तापलेल्या हवेत, दुसरा इंटरकूलरच्या पलीकडे मॅनिफोल्डमध्ये. पेट्रोलचा हिशेब दुसऱ्यावर चालतो. पहिला बूस्टवर लक्ष ठेवतो, हवा फारच तापली तर बूस्ट कमी करायला लावतो. दोहोंतला फरक बघून इंटरकूलरमधलं पाणी फिरवणारा पंप कधी चालवायचा तेही ठरतं. या इंजिनानंतर आलेल्या ईए२११ कुळातलं १ लिटरचं टीएसआय इंजिन चाकणला बनणाऱ्या कुशाक आणि टायगुनमध्ये बसतं. अशी गाडी असलेल्यानं मोबाइलच्या ॲपवर हवेचं तापमान बघताना आधी हे शोधावं की ॲप कुठल्या सेन्सरचा आकडा दाखवतंय. इंटरकूलरच्या आधीचा आकडा बघून गाडी तापतेय म्हणून घाबरणारे मी पाहिले आहेत.

जागेइतकाच महत्त्वाचा आहे सेन्सर कुठल्या घडणीचा घ्यायचा हा प्रश्न. आतली वस्तू बहुतेक सगळीकडे एकच असते, थर्मिस्टर, म्हणजे तापला की ज्याचा विद्युतरोध उतरतो असा वाटाण्याहून बारीक तुकडा. तो घरी तपासता येतो. मल्टिमीटरच्या दोन वायरी त्याच्या पिनांना लावा. सेन्सरचं टोक पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बर्फाच्या पाण्यात धरा. बॉशचा नेहमीचा सेन्सर शून्य अंशाला ५,९०० ओहमच्या आसपास दाखवेल. माठातल्या वीस अंशांच्या पाण्यात २,५०० दाखवेल. आता उकळत्या पाण्याच्या वाफेजवळ नेला की आकडे भराभर गडगडतात आणि दोनशेच्या आसपास येऊन ठरतात. शंभर अंशांचा छापील आकडा १८६ आहे, पण पुण्यात पाणी ९८ अंशांनाच उकळतं, तेव्हा थोडा वर दिसला तर सेन्सर खराब समजू नये. बर्फातून वाफेवर नेताना आकडा स्थिरावायला किती वेळ लागतो तेही याच वेळी बघून ठेवा. थर्मिस्टर पितळेच्या बंद टोपीत असेल तर बराच वेळ लागतो. कूलंटचा सेन्सर असाच असतो आणि स्वस्त पडतो म्हणून काही जण तोच हवेसाठी लावतात. ओव्हरटेकसाठी दिलेला पूर्ण बूस्ट पाच-सात सेकंदांत संपतो. बंद टोपीचा सेन्सर तापमान चढल्याची बातमी देईपर्यंत ट्रक मागे पडलेला असतो. हवेसाठी प्लॅस्टिकच्या जाळीतून थर्मिस्टर उघडा दिसतो तसा, उघड्या टोकाचा सेन्सर घ्यावा. त्याचं अंगही प्लॅस्टिकचं असेल तर पाईपाची उष्णता टोकापर्यंत कमीच पोचते.

बसवताना पाईप गाडीवरून उतरवूनच भोक पाडायचं, यात तडजोड नाही. ही जागा इंटरकूलरच्या पुढची आहे, ड्रिलचा कीस अडवायला तिथून सिलिंडरपर्यंत कुठलाही फिल्टर नाही. पाईपाची भिंत दोनेक मिलिमीटरची, तिच्यात आटे पाडले तर दोनच धागे पकडतात आणि बूस्टला सेन्सर गोळीसारखा सुटतो. त्यासाठी ॲल्युमिनियमचा आटे पाडलेला गोल ठोकळा लेथवाल्याकडून करून पाईपाला वेल्ड करून घ्यावा. पाईप थंड झाल्यावर आतून बोट फिरवून वेल्डिंगचे मणी आणि कंगोरे साफ करावेत. रबरी बुचात नुसता दाबून बसवायचे सेन्सर बिनटर्बोच्या गाड्यांसाठी असतात, बूस्टच्या पाईपात ते टिकत नाहीत.

टोक भिंतीपासून निदान पाईपाच्या व्यासाच्या एक तृतीयांश आत जायला हवं. भिंतीलगतचा हवेचा थर सुस्त असतो आणि भिंतीच्या तापमानाचा असतो. सेन्सर पाईपाच्या तळाशी मात्र लावू नये. टर्बोच्या सीलमधून आणि ब्रीदरच्या नळीतून थोडं तेल नेहमीच येतं, ते तळाशी साचतं आणि टोकावर चिकट लेप चढवतं. लेप चढलेला सेन्सर खोटं बोलत नाही, उशिरा बोलतो. डिझेलमध्ये हा त्रास दुप्पट, कारण तिथे एक्झॉस्टमधून परत फिरवलेल्या धुराची काजळी त्या तेलात कालवली जाते. मॅनिफोल्डवरचा सेन्सर काढला की कधीकधी काळ्या लुकणाचा गोळाच हातात येतो. डिझेलला पेट्रोलसारखं काटेकोर मिश्रण लागत नाही, तरी किती धूर परत फिरवायचा आणि काळा धूर न काढता जास्तीत जास्त किती इंधन टाकता येईल, हे ठरवायला हवेचं तापमान लागतंच. म्हणून डिझेलचा सेन्सर सर्व्हिसिंगला काढून साफ करण्याची सवय ठेवावी. ब्रशनं घासायचं नाही, हवामापक साफ करायच्या स्प्रेनं धुवायचं.

पाण्याच्या फवाऱ्याचं एक पथ्य वेगळं सांगायला हवं. टर्बोच्या गरम हवेवरचा हा फार जुना इलाज आहे. १९६२ ची ओल्ड्समोबाइल जेटफायर ही टर्बो लावून बाजारात आलेल्या पहिल्या गाड्यांपैकी एक. तिला इंटरकूलर नव्हता आणि कॉम्प्रेशन मात्र १०.२५ ला १. नॉकिंग आवरायला ती डिस्टिल्ड पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण इंजिनात सोडायची, त्याला कंपनीनं ‘टर्बो-रॉकेट फ्लुइड’ असं नाव दिलं होतं. मालक टाकी भरायला विसरत, मग बूस्ट अडवला जाई. पुढे कंपनीनंच टर्बो काढून साधा कार्बुरेटर बसवून देण्याची सोय केली. आजही जास्त बूस्टच्या गाड्यांत असा फवारा लावतात. सेन्सर त्या फवाऱ्याच्या पुढे असेल तर त्याचं टोक ओलं होतं. ओलं टोक बाष्पीभवनानं गार पडतं आणि हवेपेक्षा बरंच कमी तापमान सांगतं. ईसीयू खूश होऊन ठिणगी पुढे ओढतो, नेमक्या अशा क्षणी की पाणी संपलं तर काय होईल याची कल्पनाही नको. फवारा असेल तर सेन्सर त्याच्या आधी, थोडं अंतर राखून.

वायरिंगबद्दल थोडंच. सेन्सरची अर्थिंगची वायर ईसीयूच्या सेन्सर-ग्राउंडलाच जोडावी, इंजिनाच्या ब्लॉकला नाही. नाहीतर पंखा चालू झाला की तापमान दोन-चार अंश हललेलं दिसेल. वायर तुटली की ईसीयूला रोध अनंत वाटतो आणि तो उणे ४० अंश वाचतो, कंपनीच्या गाडीत पी०११३ हा कोड येतो. वायर शॉर्ट झाली की उलट, न पटण्याइतकं गरम, कोड पी०११२. महाराष्ट्रात उणे ४० दिसलं तर सेन्सर विकत घ्यायला धावण्याआधी कनेक्टर हलवून बघावा. इंजिनाच्या हादऱ्यानं वायर तुटते ती बहुधा कनेक्टरच्या मागेच.

जागा बरोबर निवडली का, हे एका फेरीत कळतं. गाडी नीट तापू द्या, वीसेक मिनिटं चालवा, मग बंद करून बॉनेट न उघडता दहा मिनिटं उभी ठेवा. पुन्हा चालू करून लॉग सुरू करा, दोन मिनिटं आयडलवर ठेवा आणि मग मोकळ्या रस्त्याला लागा. आयडलवर आकडा चढलेला असणारच, त्याचं काही वाटून घेऊ नये. बघायचं ते पुढे: वेग धरल्यावर तो किती झपाट्यानं उतरतो. चांगल्या जागेचा, उघड्या टोकाचा सेन्सर अर्ध्या-पाऊण मिनिटात बाहेरच्या तापमानाच्या दहा-पंधरा अंश वर येऊन स्थिरावतो, आणि पूर्ण पाय दिला की चढताना, सोडला की उतरताना दिसतो. पाच मिनिटं वेगात चालवूनही आकडा साठच्या खाली येत नसेल आणि बूस्ट दिला तरी जागचा हलत नसेल, तर तो हवा मोजत नाहीये. पाईपाला सेन्सरच्या शेजारी हात लावून बघा. पाईप गार आणि आकडा मोठा असेल तर सेन्सर किंवा ईसीयूत भरलेला त्याचा तक्ता चुकला आहे. पाईपच चटका देत असेल तर सेन्सर तिथून हलवायला हवा, किंवा पाईप आणि एक्झॉस्ट यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा द्यायला हवा.